साडेसत्तावीस नंबरची सीडी

खोली क्रमांक साडेसत्तावीस अखेर सरकारी यादीत आली. शुक्रवारी दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आली, गोल शिक्क्यासह आली, आणि आम्ही जिन्यात उभं राहून पेढे वाटले.

वेळ आणि शिक्का सोडला तर असं काहीही झालेलं नाही. वरचा परिच्छेद वाचून झाला असेल तर विसरावा. पेढे खाल्लेल्यांनीही विसरावं. आपण पहिल्यापासून सुरू करू.

आमची चाळ लालबागची. चाळीत खोल्या चोपन्न, पण सत्ताविसावी आणि अठ्ठाविसावी यांच्या मधे, जिन्याखाली, अजून एक खोली आहे. तिला दार आहे, खिडकी आहे, आत कुशाबा घाडी आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव मालवणच्या अलीकडे, पूर्वी मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. एका वेळी चार साचे एकटे सांभाळायचे. मिल गेली, साचे गेले, कान साच्यांच्या आवाजात आधीच गेले होते. राहिली ती खोली. तिच्या भाडेपावतीवर घरमालकांनी त्रेपन्न वर्षांपूर्वी ‘२७॥’ असं लिहिलं, कारण सत्तावीस आणि अठ्ठावीस हे दोन्ही आकडे संपले होते.

आता चाळ पाडून टॉवर होणार. त्यासाठी रहिवाशांची यादी झाली. यादीच्या नकाशात साडेसत्तावीसच्या जागी ‘जिना’ असं लिहिलेलं होतं. ज्याचं नाव यादीत, त्याला टॉवरमध्ये घर. जिन्याला घर मिळत नाही.

चाळीतले सगळे अर्ज मी लिहितो. माझं नाव यशोधन. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला नोकरी नाही, या दोन गोष्टी चाळीला एकदमच कळल्या. तर कुशाबांच्या हरकतीवर परळच्या यादी कार्यालयाचं उत्तर आलं: तीन साक्षीदारांची तोंडी निवेदनं, एकाच सीडीवर, शुक्रवार सायंकाळी पाचपर्यंत.

“सीडी?” मी फोन करून विचारलं. “पेनड्राइव्ह चालेल का?”

“पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो.”

“ईमेल?”

“इनबॉक्स भरलाय.”

“कधीपासून?”

“मी यायच्या आधीपासून,” पलीकडच्या मॅडम म्हणाल्या. त्या अपेक्षा मॅडम. पुढे भेटतील.

साक्षीदार तीन ठरले. एक, समोरच्या सत्तावीस नंबरच्या गंगुबाई मेस्त्री, ज्या कुशाबांशी नळावरून चाळीस वर्षं भांडतायत. इतकं सातत्याने भांडायला समोरच्या माणसाला तिथे राहावंच लागतं, म्हणून ही साक्ष भक्कम. दोन, घरमालकांचे धाकटे चिरंजीव वीरेंद्र त्रिलोकेकर. ते गिरगावात राहतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि ‘आपण’ म्हणतात. तीन, आमच्या मंडळाचे अध्यक्ष प्रफुल्लदादा तावडे, ज्यांना बोलायला उभं करणं सोपं आहे.

तिघांची निवेदनं मी मोबाइलवर रेकॉर्ड केली. सोमवारीच झाली. एकूण चौऱ्याहत्तर मिनिटं. सीडीत तेवढंच मावतं हे मी सांगितलं होतं, तर तिघांनी ते आमंत्रण समजून भरलं.

मग चार दिवस गेले ते मानावर. सीडीवर पहिलं कोण?

“मी दुसरी?” गंगुबाई म्हणाल्या. “ह्या चाळीत मी इलंय तेव्हा नळ पण नाय होतो. नळाच्या आधी मी. मगे ह्या प्रफुल्लाच्या मागे कशाक?”

“गंगूमावशी, व्यक्तीचा प्रश्न नाहीये,” प्रफुल्लदादा म्हणाले. “मंडळाचा आहे. मंडळ दुसऱ्या नंबरवर गेलं तर मी पोरांना काय तोंड दाखवू?”

“माझा काही आग्रह नाही,” वीरेंद्रराव म्हणाले. “फक्त आपली वास्तू आमच्या आजोबांनी बांधली. आपण क्रम ठरवा. आम्ही तिसरे असू, तर आम्ही निवेदन मागे घेऊ, एवढंच.”

चिठ्ठ्या टाकू म्हटलं, तर चिठ्ठी कोण उचलणार यावर बुधवार गेला. गुरुवारी मी वर्णानुक्रम सुचवला. गंगुबाईंचा ग पहिला येतो हे लक्षात आल्यावर प्रफुल्लदादांनी आडनावाचा आग्रह धरला; त त्यांचाही होता आणि वीरेंद्ररावांचाही. दोघांनी मग ‘ता’ आधी की ‘त्रि’ आधी यावर संध्याकाळ काढली.

शुक्रवार उजाडला. दुपारी तीन वाजता मी, कुशाबा आणि तिन्ही साक्षीदार डिलाईल रोडवर हितेंद्रच्या दुकानात होतो.

हितेंद्र मिक्सर दुरुस्त करतो. मिक्सर हे त्याचं पोट आहे आणि सीडी हे त्याचं प्रेम. त्याच्याकडे आसपासच्या चार स्टेशनांतला शेवटचा चालू सीडी रायटर आहे. शेवटचा हे मी खात्रीने सांगतो, कारण सकाळपासून मी त्या चारही स्टेशनांत फिरलो होतो. एका दुकानदाराने मला सीडी म्हणजे काय ते मुलाला दाखवायला थांबवून घेतलं. ऑनलाइन मागवला असता तर रायटर पुढच्या सोमवारी आला असता.

“किती मिनिटं आहे?” हितेंद्रने विचारलं.

“चौऱ्याहत्तर.”

“मग लिहायला चौऱ्याहत्तर लागणार. हा सिंगल स्पीड आहे.”

मी हिशोब केला. तीन वीसला सुरू, चार चौतीसला संपणार, टॅक्सीने परळ, शुक्रवारची गर्दी, मग कार्यालयाचे तीन मजले, लिफ्ट बंद. पाच वाजून पाच.

“जोरात फिरव ना,” मी म्हटलं.

“मोटर म्हातारी झालीय. जोरात फिरवली की डिस्क उडते. मागच्या वर्षी उडाली ती समोरच्या केळेवाल्याच्या घडात रुतली. तो अजून मला हसून दाखवत नाही.”

कुशाबा सगळ्यांकडे बघून हसले. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. पण आपल्या कामासाठी इतकी माणसं जमलीत हे दिसत होतं. त्यांनी केसांना तेल लावून भांग पाडला होता. कार्यालयात फोटो काढतील असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

मग हितेंद्रने आतल्या खोलीचा पडदा सरकवला.

“एक मार्ग आहे,” तो म्हणाला. “वेग वाढवायचा नाही. लेझर वाढवायचे.”

आत टेबलावर एक उघडा सीडी रायटर होता आणि त्याच्या पोटात, एकमेकांना खेटून, भंगारातल्या तीन प्लेयरमधून काढलेले तीन लेझर. हे यंत्र हितेंद्रने सात वर्षं खपून बनवलं होतं. जगाने सीडी वापरणं थांबवलंय हे त्याला कळेपर्यंत सीडी तिप्पट वेगाने लिहायचं यंत्र पूर्ण झालं होतं.

“हे बघा,” तो म्हणाला. “सीडीवर एकच रेघ असते. आतून बाहेर, जिलबीसारखी गोल गोल. एका केसाच्या जाडीत तिचे पन्नास वळसे मावतात. साधा लेझर एका फेरीत एक वळसा लिहितो. माझे तीन लेझर शेजारी शेजारी बसून एका फेरीत तीन वळसे लिहितात. मोटर तेवढीच हळू. चौऱ्याहत्तर मिनिटांचं काम पंचवीस मिनिटांत.”

मी हे सगळं कुशाबांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“म्हंजे तीन साचे!” ते म्हणाले. “अरे झिला, मगे सांग की तसा! एकटो माणूस तीन साचे आरामात बघता. मी चार बघलंय.”

“पण एक आहे,” हितेंद्र म्हणाला. “निवेदनांचे बारीक तुकडे करावे लागतील. पहिला तुकडा पहिल्या लेझरला, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला, चौथा परत पहिल्याला. पत्ते वाटतो तसं. म्हणजे वाचताना ओळीने येतं.”

“तुकडे?” प्रफुल्लदादा म्हणाले. “माझ्या भाषणाचे?”

“आणि पयलो तुकडो कोणाचो?” गंगुबाईंनी विचारलं.

तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. मी घड्याळ दाखवलं, तर वीरेंद्रराव म्हणाले, “घड्याळ सुरेख आहे आपलं.”

मग तुकड्यांचं आणि नव्या भांडणाचंही मी कुशाबांच्या कानात ओरडून सांगितलं. आणि इथे कुशाबांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, सभेचा निकाल लावला. हाताने तीन लेझरकडे बोट दाखवत म्हणाले, “मिलात एकाचो ताणो दुसऱ्याच्या साच्यावर चढवूचो नाय. सूत तुटता. एका साच्यार एकाचोच माल. ह्यो साचो गंगूचो, ह्यो मालकांचो, ह्यो प्रफुल्लाचो. तिघांचे साचे एकदमच चालू करा. कोण पयलो नाय, कोण दुसरो नाय.”

चार दिवस जे चोपन्न खोल्यांना सुटलं नाही, ते साडेसत्ताविसाव्या खोलीने सोडवलं होतं. वीरेंद्ररावांनी कुशाबांचा हात हातात घेतला. गंगुबाई म्हणाल्या, “चाळीस वर्सांत पयल्यांदा अक्कल दाखवलंन.”

“अहो पण,” हितेंद्र म्हणाला, “लिहिणारे तीन असले तरी वाचणारा लेझर एकच असतो!”

“मेल्या, एकटो माणूस चार बघता म्हणान सांगलंय ना,” कुशाबा म्हणाले. ओठांवरून त्यांना ‘एकच’ तेवढं कळलं होतं. “तुझो लेझर मिलात आसतो तर पयल्याच दिसा काडून टाकलो आसतो.”

हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचं म्हणणं समजलो होतो का? हो. निम्मं. उरलेलं निम्मं मी पंचवीस मिनिटांच्या आनंदात ऐकलं नाही. शिवाय हितेंद्रचे वडील मिलमध्ये कुशाबांच्या हाताखाली शिकलेले. त्या घरात कुशाबांचा शब्द अजून मोडत नाहीत. त्याने एकेका लेझरला एकेक फाइल लावली आणि बटण दाबलं.

तीन लेझर एकदम पेटले. म्हणजे दिसलं काहीच नाही. पण तिन्ही साक्षीदारांनी हात जोडले. कुशाबा पंचवीस मिनिटं यंत्राच्या मागून पुढे, पुढून मागे फेऱ्या मारत होते. एकदा त्यांनी खिशातून रुमाल काढून कडेची धूळ पुसली. ते साच्यावर कसे दिसत असतील ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. विनोदी लिहायचं ठरवलंय म्हणून याबद्दल जास्त लिहीत नाही.

जगातली ती बहुधा पहिली सीडी असेल, जिच्यावर तीनही निवेदनं पहिली होती.

कार्यालयात आम्ही पोचलो तेव्हा चार छप्पन्न झाले होते. टॅक्सीत जागा दोघांनाच होती, कारण वीरेंद्ररावांना मागची सीट एकट्याला लागते हे आधी ठरलं नव्हतं. या वादात अर्ध्या तासाहून जास्त गेला, आणि शेवटी त्यांच्यासकट साक्षीदारांना तिथेच सोडून मी आणि कुशाबा निघालो. तीन मजले कुशाबा माझ्या पुढे चढले.

अपेक्षा मॅडम पर्स आवरत होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, चेहऱ्यावर पाच वाजत आलेले.

“चालते का बघावी लागेल,” त्या म्हणाल्या. कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. आत सीडी ड्राइव्ह होता आणि त्यावर हार सुकलेला होता. दसऱ्याचा असावा. कुठल्या वर्षीचा ते विचारलं नाही.

त्यांनी फॉर्म पुढे ओढला. “नाव आम्ही ऐकूनच लिहितो. लेखी नावांवरून भांडणं होतात.” आणि प्ले केलं.

वाचणारा लेझर एकच होता. तो जिलबीच्या पहिल्या वळशावरून निघाला, तिथे गंगुबाई होत्या. दुसऱ्यावर गेला, तिथे वीरेंद्रराव. तिसऱ्यावर प्रफुल्लदादा. चौथ्यावर परत गंगुबाई. एका वळशात इतरांचं एखादं अक्षर मावत असेल. आमच्याकडचे लोक घाईने बोलतात, त्यामुळे अख्खा शब्द मावला होता. वीरेंद्ररावांना मीच सोमवारी ‘जरा लवकर’ म्हटलं होतं.

स्पीकरमधून आलं ते असं:

“मी — मी — मी — गंगुबाई — वीरेंद्र — प्रफुल्ल — राहते — थोरल्यांचा — मंडळातर्फे — साडेसत्तावीस — धाकटा — तमाम — समोर — मुलगा — रहिवाशांना —”

अपेक्षा मॅडमनी लिहिलं: गंगुबाई वीरेंद्र प्रफुल्ल. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. तीन रकाने, तिन्ही भरले. पुढे: राहते. पुढे: साडेसत्तावीस. मग त्यांनी सीडी थांबवली.

“बाईंचा आवाज मधेच पुरुषी होतो,” त्या म्हणाल्या.

“सर्दी,” मी म्हणालो.

हे मी का म्हणालो? चार सत्तावन्न झाले होते. शिक्का त्यांच्या हातात होता आणि हवेत होता. एका बाजूला सत्य होतं, दुसऱ्या बाजूला जिना. शिवाय मला वाटलं, पुढे कुठेतरी कुशाबांचं नाव येईलच. ते आलं असतंही, अकराव्या मिनिटाला. तोपर्यंत तिन्ही साक्षीदार स्वतःबद्दलच बोलत होते.

“आणि हे आजोबा?” मॅडमनी विचारलं.

“ह्यांचीच खोली आहे.”

“म्हणजे बाईंचे मिस्टर?”

कुशाबांनी मान डोलावली. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. सरकारी माणसाने विचारलं की ते मान डोलावतात.

“पण मिस्टरांचं नाव तर वीरेंद्र.”

कुशाबांनी त्यालाही मान डोलावली. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘सोबत एक वृद्ध इसम.’ मग शिक्का बसला. चार अठ्ठावन्न.

बाहेर येऊन मी कुशाबांच्या कानात ओरडलो, “खोली आली!” ते जिन्यातच बसले. तेलाने चोपडलेला भांग दोन्ही हातांनी विस्कटला आणि म्हणाले, “फोटो काडूक नाय रे त्यांनी.”

यादी सोमवारी फलकावर लागली. २७॥, श्रीमती गंगुबाई वीरेंद्र प्रफुल्ल.

गंगुबाईंनी मला नळावर गाठलं. “ह्या वयात माझा लगीन लावलास? आणि ता पण मालकाशी? माझ्या घोवाचो फोटो भिंतीर आसा, त्याका मी काय सांगू?”

वीरेंद्ररावांच्या घरून फोन आला. “आमच्या सौभाग्यवतींनी यादी वाचली,” ते म्हणाले. “त्या आपल्याशी बोलू इच्छितात. मी माझ्याकडून आपल्याला शुभेच्छा देतो.”

प्रफुल्लदादा एकटेच खूश होते. त्यांचं नाव आडनाव झालं होतं, म्हणजे आता त्यांच्यापासून घराणं सुरू झालं.

मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो. अपेक्षा मॅडम खरंच चांगल्या आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

“नाव बदलायला खोलीधारकाने स्वतः यावं लागतं,” त्या म्हणाल्या. “बाईंना घेऊन या.”

“त्या बाई नाहीयेत.”

“गावी गेल्यात?”

“नाही. कुठेच नाहीयेत.”

“वारल्या?” मॅडमचा आवाज हळू झाला. “मग सोपं आहे. मृत्यूचा दाखला आणा, सोबत राहणाऱ्याचं नाव वारस म्हणून लागतं. शेऱ्यात एक वृद्ध इसम आहेतच.”

तेव्हापासून मी विचार करतोय. कुशाबा मात्र रोज सकाळी फलकाकडे जातात. २७॥ वर बोट ठेवतात, बोट उजवीकडे नेतात, मग परत आणतात. काल मला विचारलं, “खोली इली ना रे? मगे मी खंय गेलंय? माझा नाव बारीक अक्षरात आसा काय?”

मी त्यांच्या कानात ओरडलो, “आहे. दुसऱ्या पानावर येणार आहे.” मग घरी येऊन अर्ज लिहिला. आज सकाळी कार्यालयात दिला, पोच घेतली.

प्रति,
मा. यादी अधिकारी यांस,

विषय: खोली क्र. २७॥ च्या धारक कै. श्रीमती गंगुबाई वीरेंद्र प्रफुल्ल यांच्याबाबत.

महोदय,

वरील बाईंचा जन्म आपल्या कार्यालयात, दि. १४ रोजी दुपारी ४ वाजून ५७ मिनिटांनी, आपल्याच सीडी ड्राइव्हमध्ये झाला. जन्मसमयी त्या विवाहित होत्या. सीडी थांबवल्यामुळे त्यांचं त्याच मिनिटाला निधन झालं. त्यांच्या पश्चात श्री. कुशाबा घाडी हे एक वृद्ध इसम असून, बाईंच्या जन्माआधी त्रेपन्न वर्षं ते त्यांच्यासोबत सदर खोलीत राहत होते. वारस म्हणून त्यांचं नाव लागण्यासाठी बाईंच्या मृत्यूचा दाखला लागतो, आणि तो मिळण्यासाठी आधी जन्माचा.

तरी आपण शिफारस करून बाईंना जन्माचा व मृत्यूचा असे दोन्ही दाखले मिळवून द्यावेत. दोहोंत पहिला कोणता यावरून आमच्याकडे पुन्हा चार दिवस जातील, सबब दोन्ही दाखले एकाच कागदावर, एकाच वेळी, दोन कारकुनांनी शेजारी शेजारी बसून लिहावेत, आणि ते वाचण्यासाठी कृपया दोन साहेब नेमावेत, ही नम्र विनंती.